मुक्ताईच्या वाटेवर ओटा बांधू या

वडीगोद्री आणि पंचक्रोशीतले ग्रामस्थ, अंबडपासून मांजरसुंब्यापर्यंतच्या गावांचे सरपंच व सदस्य, फडकरी, दिंडीप्रमुख, वास्तुविशारद आणि महामार्गाचं काम पाहणारे अधिकारी या सर्वांना आवाहन

मायबाप हो,

दरवर्षी ज्येष्ठात संत मुक्ताईची पालखी वडीगोद्रीला येते. तापीकाठच्या कोथळीहून, म्हणजे मुक्ताईनगरहून ती निघते आणि बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, जालना, अंबड असं चालत आपल्या गावात पोचते. इथून शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, बीड. पाली मागे पडली की मांजरसुंब्याचा घाट चढून ती बालाघाटावर येते आणि चौसाळा, भूम करत पंढरी गाठते. एका दिशेनं पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर, महिनाभराची चाल आणि तीन शतकांहून जुनी सांगितली जाणारी परंपरा. आषाढीनंतर शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही परतताना गेवराई, शहागड, वडीगोद्री, अंबड याच वाटेनं जालन्याकडे जाते. म्हणजे वर्षातून दोनदा आपल्या दारावरून पंढरीची वाट चालते.

ही वाट आज चालण्याजोगी राहिलेली नाही. हे सांगायला आणि त्यावर लगेच काहीतरी करू या अशी विनंती करायला हे आवाहन लिहिलं आहे.

धुळे–सोलापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२ झाला, चौपदरी झाला. आजारी माणूस संभाजीनगरला लवकर पोचू लागला, शेतमाल वेळेत बाजारात जाऊ लागला. या सोयीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची मोठी झाडं गेली आणि कित्येक ठिकाणी झाडांबरोबर त्यांचे पारही गेले. पायी चालणाऱ्याला उरली ती डांबराची तापलेली कड. शेजारून ट्रक जातो तेव्हा टाळाचा ठेका चुकतो, पुढच्यानं म्हटलेला चरण मागच्याला ऐकू येत नाही आणि विणेकरी वीणा छातीशी धरून कडेला सरकतो. वारकऱ्याच्या दृष्टीनं चालणं हीच उपासना आहे. ती जीव मुठीत धरून करावी लागत असेल, तर या वाटेवरचं अध्यात्म आपल्या डोळ्यांदेखत झिजतं आहे. ते परत आणण्यासाठी मोठ्या देवळाची गरज नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीपासून मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यापर्यंत नीट विचार करून बांधलेल्या विसाव्यांची माळ हवी, आणि तिची सुरुवात वडीगोद्रीनं करावी.

वडीगोद्रीनंच का? हा मुक्ताईच्या माहेरचा मुलूख आहे. शहागडपासून गोदेच्या काठानं पैठणच्या दिशेनं वर गेलं की आपेगाव लागतं, मुक्ताईचे वडील विठ्ठलपंत यांचं मूळ गाव. पुढे बीडला मुक्ताईचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी आहे आणि पालखी तिथे थांबून आजोबा-नातीची भेट होते. तापीकाठची लेक गोदाकाठी येते ती आपल्या घरी येते. माहेरी आलेल्या लेकीला टेकायला जागा, प्यायला गार पाणी आणि आंघोळीला आडोसा देता येत नसेल, तर तिच्या स्वागताच्या कमानी उभारून काय उपयोग?

बांधायचं म्हणजे काय बांधायचं, याचं उत्तर संप्रदायानं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. देवाला अठ्ठावीस युगं उभं राहायला एक वीट पुरली. नामदेवांनी महाद्वारात पायरी होणं पसंत केलं, संतांचे पाय लागावेत म्हणून. चोखोबांची समाधी त्याच दारासमोर उघड्यावर आहे. आणि मुक्ताईचं नाव घेतलं की आठवते ती ताटी. आत कोंडून घेतलेल्या ज्ञानदेवांना धाकट्या बहिणीनं दार उघडायला लावलं. वीट, पायरी, ताटी, या तिन्ही वस्तू बुटक्या, साध्या, रोजच्या वापरातल्या आहेत. मुक्ताईच्या वाटेवरची प्रत्येक वास्तू या मापानं मोजावी. ती बसणाऱ्याच्या उंचीची असावी, सगळ्यांचे पाय लागतील अशी असावी आणि तिला दार असलंच तर त्याला कुलूप नसावं.

आज आपण याच्या उलट बांधतो. वेशीवर सिमेंटची कमान, तिच्यावर देणगीदारांची आणि पुढाऱ्यांची नावं. आत पत्र्याचं सभागृह, वर्षभर कुलूपबंद. ज्येष्ठातल्या दुपारी पत्रा इतका तापतो की खाली बसवत नाही, आणि संध्याकाळी पावसाची सर आली की पत्र्याच्या आवाजात कीर्तन बुडतं. मग कर्णे लावायचे, कर्ण्यांसाठी जनरेटर आणायचा. दिवसभर वाहनांच्या गोंगाटात चाललेला माणूस रात्री त्याहून मोठ्या गोंगाटात येऊन पडतो. हेतू चांगला असतो, पैसाही घामाचा असतो. पण चालून आलेल्या माणसाला काय हवं, हे आपण त्याला विचारतच नाही.

आपल्याच तालुक्यात याहून शहाणी उदाहरणं आहेत. अंबड होळकरांच्या अमलाखाली होतं. तिथली देवळं आणि पुष्करणी त्या काळाची आठवण देतात. याच होळकरांच्या अहिल्याबाईंनी केदारनाथपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. यात्रेकरूला पाणी, निवारा, सावली आणि जेवण मिळावं एवढीच त्या कामामागची दृष्टी होती. एखाद्या जुन्या बारवेत उतरून पाहा. पायऱ्या उतरू लागलं की वरचा आवाज कमी होतो, हवा थंड होते, पाऊल आपोआप मंदावतं, बोलणारा माणूस गप्प होतो. बारव बांधणाऱ्यानं ‘शांतता राखा’ अशी पाटी लावलेली नसते. दगड, खोली आणि पाणी यांच्या रचनेतूनच ते काम होतं. वास्तू मनावर परिणाम करते याचा याहून चांगला पुरावा कुठला? परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी गाळानं भरलेल्या आपल्या बारवा श्रमदानानं मोकळ्या केल्या आणि त्यांचं रूप पुन्हा उजेडात आणलं. मराठवाड्यातल्या गावाला हे जमतं, हे तिथे दिसलं आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातही अशीच एक डोंगरवाट आहे. अमेका ते ताल्पा, ११७ किलोमीटर. दरवर्षी लाखो भाविक ताल्पाच्या रोझरीमातेच्या दर्शनाला ही वाट चालतात. चालणाऱ्यांचे हाल होत म्हणून २०१०च्या आसपास तिथे निरनिराळ्या वास्तुविशारदांना वाटेवर छोटी छोटी ठिकाणं बांधायला सांगितलं गेलं. कुणी नुसत्या उंच पांढऱ्या भिंतींचं उघडं प्रार्थनास्थळ केलं, कुणी घाटमाथ्यावर दरी पाहत बसायची जागा केली, कुणी रात्रनिवारा केला. वास्तू लहान ठेवल्या, लांब लांब ठेवल्या आणि मधला डोंगर तसाच राहू दिला. आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. आपला दगड, आपली माती, आपला पाऊस वेगळा आहे. पण जाणत्या आर्किटेक्टनं चालणाऱ्या माणसासाठी बसायची एक जागा घडवणं हे कमीपणाचं काम नाही, एवढं त्या वाटेकडून जरूर घेऊ या.

आपल्याकडे सरकारही या बाबतीत अगदी उदासीन नाही. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली आणि त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली गेली. धाकट्या बहिणीच्या पालखीलाही तेवढीच वेगळी वाट मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि ती आपण केली पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. गावाच्या हातात जेवढं आहे, तेवढं गावानं आताच करावं.

काय करावं, ते नेमकं असं.

१. ओटा. पालखीच्या मुक्कामाच्या जागी आणि गावाबाहेरच्या विसाव्यावर काळ्या दगडाचे लांब ओटे असावेत, उंची दीड फूट. थकलेला म्हातारा माणूस कुणाचा हात न धरता बसू-उठू शकेल अशी ही उंची आहे. आपली जमीन काळी आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर बांधलेला ओटा दोन वर्षांत तडकतो. म्हणून आधी काळी माती काढून खाली मुरूम भरून धुमसावा आणि मगच दगड बसवावा. पालखीसाठी एक चौथरा थोडा उंच करावा. बाकी सगळी बैठक एका पातळीवर, कुणाला वर आणि कुणाला खाली न बसवणारी.

२. कीर्तनाचा मंडप. तीन बाजूंनी उघडा, छपराच्या वळचणी चांगल्या चार-पाच फूट बाहेर काढलेला. कीर्तनकार उभा राहतो, मागे टाळकरी आणि शेजारी पखवाज असतो, त्या जागेमागे एक दगडी भिंत घ्यावी. भिंतीवरून आवाज पुढे परततो आणि दोन-तीनशे माणसांना कर्ण्याशिवाय कीर्तन ऐकू येतं. छपराला कौलं घालावीत. पत्राच परवडत असेल तर त्याच्या खाली बांबूच्या तट्ट्याचं अस्तर द्यावं, म्हणजे उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात.

३. सावली. वड, पिंपळ, लिंब, चिंच, जांभूळ, करंज. शोभेची परदेशी झाडं नकोत. रस्त्याच्या हद्दीत लावायची झाडं महामार्ग प्राधिकरणाच्या परवानगीनं आणि पुढे रुंदीकरणात जाणार नाहीत अशा ओळीत. विजेच्या तारांखाली एकही नको. वृक्षारोपणाचा फोटो काढून झाड जगत नाही. एका झाडाची जबाबदारी एका घरानं तीन उन्हाळे घ्यावी, आणि त्या घराचं नाव ग्रामपंचायतीच्या वहीत असावं.

४. पाणी आणि आडोसा. दिंडी पहाटे काकड्याच्या आधी उठते. शेकडो बायाबापड्या अंधारात आंघोळीसाठी आडोसा शोधतात. या एका गोष्टीपायी किती जणी दिवसभर पाणी कमी पितात, हे चालणाऱ्या बायकांना विचारा. त्यांच्यासाठी दगडी फरशीची, भिंतींची, आतून कडी असलेली न्हाणीघरं आणि शौचालयं हवीत. ती शाळेजवळ किंवा बाजाराजवळ बांधावीत, म्हणजे उरलेले अकरा महिने वापरात राहतील आणि बिघडणार नाहीत. सांडपाण्यासाठी शोषखड्डे करावेत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले. तो अनुभव आपल्यापासून लांब नाही.

५. विजेपासून रक्षण. तापीकाठी मेहूणला विजेच्या लोळात मुक्ताई गुप्त झाली अशी श्रद्धा आहे. तिच्या वारकऱ्याला मात्र विजेपासून सांभाळणं आपलं काम आहे. ज्येष्ठात वळीव आणि मृग मराठवाड्यात विजा घेऊन येतात आणि पावसात माणसं झाडाखाली धावतात. म्हणून प्रत्येक मंडपावर वीज अटकाव यंत्रणा हवी, आणि दिंडी गावात असताना गावच्या तरुणांपैकी कुणीतरी विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपवर लक्ष ठेवावं.

६. घाटातले विसावे. मांजरसुंब्याचा घाट ही या वाटेची मोठी चढण. तिथल्या गावांना आणि बांधकाम विभागाला विनंती अशी, की चढणाऱ्यांची पायवाट वाहनांपासून वेगळी करावी आणि चढणीवर ठरावीक अंतरानं बुटक्या दगडी कठड्यांची बैठक द्यावी. तोंड दरीकडे, बिंदुसरेच्या पाण्याकडे. चढून आल्यावर माणूस वळून पाहतो, चाललेली वाट त्याला खाली दिसते आणि तोंडातून आपोआप विठ्ठलाचं नाव येतं. तिथे पुतळा, रंगीत दिवे, सेल्फीची चौकट यांपैकी काहीही उभारू नये. डोंगराला मोकळं ठेवणं हीही बांधणीच आहे.

७. नावं आणि उजेड. दात्यांची नावं दगडावर कोरू नयेत, वहीत लिहावीत. मुक्कामाच्या जागी हायमास्टचा झगझगीत उजेड नको, पायापुरते खाली लावलेले दिवे पुरेत. पालखी असेल त्या रात्री एकही फ्लेक्स लावू नये. हे शेवटचं काम फुकटात होतं आणि तरीही सगळ्यांत अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

हे सगळं फक्त वारीपुरतं नाही. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या गाड्या याच रस्त्यानं निघतात, लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह. मेंढपाळ याच वाटेनं कळप नेतात. मत्स्योदरीच्या नवरात्राला, रामदासस्वामींच्या जांबसमर्थला, पैठणच्या नाथषष्ठीला पायी जाणारे याच भागातून जातात. वारकऱ्यासाठी बांधलेल्या ओट्यावर ऊस तोडायला निघालेली बाई आपलं लेकरू निजवू शकली, तर मुक्ताईला त्याहून मोठी पूजा कोणती?

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो आहोत. गेल्या काही वर्षांत आपली गावं देशभर माहीत झाली ती आरक्षणाच्या आंदोलनांमुळे. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत आणि २०२४ मध्ये वडीगोद्रीत उपोषणं झाली, शेजारच्या दोन गावांत दोन मांडव पडले. कुणाची मागणी किती खरी, याचा निवाडा करायचं हे ठिकाण नाही. पण त्या काळात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या बांधावर राबलेल्या माणसांमध्ये अंतर पडलं, हे इथे राहणारा प्रत्येकजण जाणतो. वारीत एकमेकांच्या पाया पडताना कुणी जात विचारत नाही. तोच रिवाज श्रमदानात आणू या. अठरापगड घरांतली माणसं एका ओट्याचे दगड हातोहात देत उभी राहिली, तर त्या ओट्याच्या पायातच मुरुमाबरोबर आणखी काही घट्ट बसेल. म्हणून आमची विनंती अशी आहे, की हे काम कंत्राटाला देऊन मोकळं होऊ नका. गवंडी कुशल असावा, त्याला पुरी मजुरी मिळावी, पण दगड वाहायला, मुरूम पसरायला, खड्डे घ्यायला गावानं उतरावं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आयाबायांनी खडी फोडून रस्ते केले. त्या वेळी पोटासाठी केलं, आता लेकीसाठी करू या.

वेळ थोडा आहे. मृग लागण्याआधी झाडांचे खड्डे उन्हात तापून तयार हवेत. पहिल्या पावसाआधी ओट्यांचा पाया भरून झाला पाहिजे, नाहीतर काळ्या मातीत काम अडकतं ते थेट दिवाळीपर्यंत. आणि पालखी ज्येष्ठात येणारच आहे. म्हणून प्रत्येकानं आपापला वाटा आत्ता उचलावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनी महाराष्ट्रदिनाच्या, १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आजच घालावा. जागा महामार्गाच्या हद्दीबाहेरची निवडावी. गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज ठरावासोबतच पाठवावा, बांधकामानंतर नाही. वृक्षलागवड, शोषखड्डे ही कामं रोजगार हमीतून होत आलेली आहेत, त्यांचे प्रस्ताव वेगळे द्यावेत.

ज्यांची शेतं वाटेला लागून आहेत त्यांनी कोपऱ्यातली एखादी गुंठाभर जागा विसाव्यासाठी द्यावी आणि ती रीतसर कागदावर द्यावी, म्हणजे पुढच्या पिढीत भांडण नको. दिंडीप्रमुख आणि फडकऱ्यांनी गावाला येऊन सांगावं, की पालखी कुठे टेकते, कीर्तनाला किती जागा लागते, बायका किती असतात. तुम्ही सांगितल्याशिवाय आमचा नकाशा अपुरा आहे.

संभाजीनगर, पुणे, मुंबईतल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना कळकळीची हाक आहे. संगणकावर चित्र काढण्याआधी अंबड ते मांजरसुंबा एकदा पायी चाला, तेही दुपारच्या उन्हात. कुठे पाय दुखतो, कुठे सावली शोधावीशी वाटते, कुठे गाणं सुचतं, ते नोंदवा. मग आमच्या गवंड्यांशेजारी बसून आराखडा करा. तुम्ही आणि ते मिळून जे ठरवाल, त्यातच या वाटेचं भलं आहे.

पुण्या-मुंबईला, परदेशी गेलेल्या या मातीच्या लेकरांनीही पैसा जरूर पाठवावा, पण कमानीसाठी नको. एका झाडाचं कुंपण, एका न्हाणीघराचं दार, एका ओट्याचा दगड यासाठी पाठवावा आणि नाव न लावण्याची अट स्वतःहून घालावी.

१ मेला ग्रामसभेला या. नुसती सही करून घरी जाऊ नका. बायकांना सोबत आणा, कारण न्हाणीघराचा विषय त्यांनीच मांडायचा आहे. ठरावाला हात वर करा आणि त्याच सभेत श्रमदानाचा पहिला दिवस ठरवा. कुदळ, फावडं, घमेलं ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन त्या दिवशी जागेवर या. पालखी शहागडच्या पुलाकडे वळेल त्याआधी वडीगोद्रीत निदान एक ओटा पुरा झालेला असावा, आणि तो पाहून पुढच्या गावानं आपला बांधायला घ्यावा.

रामकृष्णहरी.